माल आणि चलन यांचा मेळ : लिनक्समधील स्टब फाईलींची बांधणी

मुंबईत वडाळा, शीव आणि माटुंगा यांच्या सान्निध्यात अँटॉप हिल ही वस्ती आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत, दाट लोकवस्तीच्या गल्ल्या आणि वडाळ्याच्या बाजूस गोदामांच्या रांगा असे या भागाचे स्वरूप आहे. मुंबई बंदर जवळ असल्यामुळे येथे मालाची ये-जा सतत चालू असते. गोदामाच्या दाराशी ट्रक उभा राहिला की कारकून प्रथम चलन मागतो. कोणता माल, किती पेट्या, कोणाकडून आणि कोणासाठी, हे सर्व त्या कागदावर लिहिलेले असते. प्रत्येक पेटी फोडून पाहणे शक्य नसल्याने पुढची सारी व्यवस्था त्या कागदावर विसंबून होते. चलन म्हणजे माल नव्हे. परंतु चलन आणि माल यांचा मेळ बसला नाही, तर चुकीची पेटी चुकीच्या गावी जाते आणि चूक लक्षात येईपर्यंत बराच काळ लोटलेला असतो.

संगणक आज्ञावलींच्या जगातही असेच एक चलन आहे. त्यास ‘स्टब फाईल’ असे म्हणतात. आज्ञावलीचा कोणता भाग कोणत्या प्रकारची माहिती स्वीकारतो आणि कोणत्या प्रकारची माहिती परत देतो, एवढेच या फाईलीत नमूद केलेले असते. ही फाईल स्वतः कोणतेही काम करीत नाही. तरीही ती योग्य रीतीने बांधून, योग्य आवृत्तीसह संगणकापर्यंत पोहोचविणे हे लिनक्सच्या वितरणातील एक जबाबदारीचे काम आहे. शासकीय कार्यालये, बँका व शाळा यांचा कारभार संगणकावर आल्यापासून या कामाचा संबंध सर्वसामान्य नागरिकाशीही येऊ लागला आहे.

पिन कोड ही संख्या नव्हे

या विषयाचे मर्म समजण्यासाठी अँटॉप हिलचाच पिन कोड पाहावा. तो ४०००३७ असा आहे. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून ती साकार झाली, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे. या सहा अंकांपैकी पहिला अंक ४ हा पश्चिम विभाग दर्शवितो. पहिले तीन अंक ४०० हे मुंबईचा वर्गीकरण जिल्हा दाखवितात, तर शेवटचे तीन अंक ०३७ हे त्या जिल्ह्यातील टपाल कार्यालय दर्शवितात.

आता हे शेवटचे तीन अंक एखाद्या संगणकीय तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहिले आणि संगणकाने त्यांस संख्या मानले, तर काय होईल? संख्येच्या आरंभीच्या शून्यास किंमत नसते. संगणक ०३७ चे ३७ करील. गणिताच्या दृष्टीने त्यात चूक नाही, परंतु टपालाच्या दृष्टीने तीन अंकी खूण नष्ट झाली. दोन पिन कोडांची बेरीज कोणी करीत नाही किंवा त्यांची सरासरीही काढीत नाही. दिसावयास अंक असले, तरी पिन कोड हे वस्तुतः एक नाव आहे. संगणकाच्या परिभाषेत तो ‘संख्या’ या प्रकारात न मोडता ‘मजकूर’ या प्रकारात मोडतो.

कार्यालयात काम करणाऱ्यांना असे अनुभव नवे नाहीत. बँक खात्याच्या क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळून पडणे, अथवा जमिनीचा गट व हिस्सा दर्शविणारा १२/१ हा क्रमांक तक्त्यात टंकित करताच त्याची तारीख होणे, हे प्रकार अनेकांनी पाहिले असतील. पहिल्या चुकीमुळे एखाद्या लाभार्थीचे अनुदान खात्यात जमा न होता परत जाऊ शकते. दुसरीमुळे जमिनीच्या नोंदीत गोंधळ उडतो. दोन्ही ठिकाणी माहिती भरणाऱ्याने अंक बरोबर लिहिलेले असतात. चूक असते ती माहितीचा प्रकार ओळखण्यात.

अशा चुकीचे जगाच्या स्मरणात राहिलेले उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. त्या दिवशी फ्रेंच गियानातील कुरू येथून निघालेला युरोपचा ‘एरियन ५’ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात एका मिनिटाच्या आत नष्ट झाला. वेगाशी संबंधित एक मोठी दशांश संख्या लहान पूर्णांकाच्या जागेत बसविण्याचा प्रयत्न त्याच्या आज्ञावलीने केला होता आणि ती संख्या त्या जागेत मावली नाही.

प्रकार-तपासणी आणि स्टब फाईल

काही संगणक भाषांमध्ये प्रत्येक माहितीचा प्रकार आधीच घोषित करावा लागतो. ‘पायथन’ या लोकप्रिय भाषेत मात्र तसे बंधन नाही. गिडो व्हान रॉसम यांनी निर्माण केलेली ही भाषा १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. शिकण्यास सोपी असल्याने ती शाळा-महाविद्यालयांत, संशोधनात आणि कार्यालयीन कामातही रूढ झाली. तिच्या या सोपेपणाची दुसरी बाजू अशी, की प्रकाराची चूक आज्ञावली प्रत्यक्ष चालू असतानाच उघडकीस येते. मजकुराची शेवटची तीन अक्षरे काढण्याची आज्ञा पूर्णांकास दिली, तर आज्ञावली त्या ओळीवर येऊन थांबते. ती ओळ वर्षातून एकदाच, मार्चअखेरीस चालणार असेल, तर चूकही मार्चअखेरीसच कळते.

यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथनच्या ३.५ या आवृत्तीत प्रकार नमूद करण्याची प्रमाणित पद्धत समाविष्ट करण्यात आली. ‘पिन कोड हा मजकूर असेल’, ‘वय हे पूर्णांकात असेल’, अशा सूचना लेखकाने ओळीतच लिहावयाच्या असतात. ‘मायपाय’ यासारखी तपासणी करणारी आज्ञावली या सूचना वाचते आणि मूळ आज्ञावली चालविण्यापूर्वीच कोठे विसंगती आहे ते दाखवून देते. युक्का लेहतोसालो यांनी मायपायचा आरंभ केला. पुढे ‘ड्रॉपबॉक्स’ या कंपनीने आपल्या सुमारे ४० लाख ओळींची या पद्धतीने तपासणी केल्याचे २०१९ मध्ये जाहीर केले. ही तपासणी कागदपत्रांच्या छाननीसारखी असते, प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वीच ती आटोपते.

तथापि यात एक अडचण होती. कोणतीही मोठी आज्ञावली एकट्याने लिहिली जात नाही. इतरांनी आधी लिहून ठेवलेल्या तयार संचांचा, म्हणजे ‘लायब्ररी’चा तिच्यात उपयोग केलेला असतो. यांतील पुष्कळ लायब्ररी २०१५ पूर्वीच्या असल्याने त्यांत प्रकारांचा उल्लेखच नव्हता. चलनाविना आलेल्या पेट्यांप्रमाणे त्यांच्या आत काय आहे, हे तपासणीस कळत नव्हते. मूळ लेखकांना सारे काही नव्याने लिहिण्यास सांगणेही व्यवहार्य नव्हते.

स्टब फाईलींनी ही उणीव भरून काढली. मूळ लायब्ररीस हात न लावता तिच्यातील प्रत्येक आज्ञेचे नाव, ती कोणत्या प्रकारची माहिती घेते आणि काय परत देते, एवढ्याच ओळी वेगळ्या फाईलीत लिहिल्या जातात. प्रत्यक्ष काम करणारा भाग गाळून त्याच्या जागी केवळ तीन टिंबे दिलेली असतात. पायथनच्या नेहमीच्या फाईलीच्या नावापुढे ‘पीवाय’ ही अक्षरे येतात, स्टब फाईलीच्या नावापुढे ‘पीवायआय’ येतात. जगभरातील स्वयंसेवकांनी अशा फाईली ‘टाईपशेड’ या सामायिक भांडारात गोळा केल्या आहेत. ‘टाईपस्क्रिप्ट’ या २०१२ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या एका भाषेसाठी ‘डेफिनिटलीटाईप्ड’ हे असेच भांडार आहे.

वितरण म्हणजे काय

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. हा गाभा आणि त्यासोबत लागणाऱ्या सहस्रावधी आज्ञावली एकत्र करून, त्या एकमेकींशी जुळतील अशा रीतीने तपासून लोकांना उपलब्ध करून देणाऱ्या व्यवस्थेस ‘वितरण’ म्हणतात. ‘डेबियन’ हे त्यांतील एक जुने व प्रतिष्ठित वितरण होय. इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली आणि आजही ते मुख्यत्वे स्वयंसेवकांच्या श्रमावर उभे आहे.

वितरणातील प्रत्येक आज्ञावली ‘पॅकेज’च्या स्वरूपात येते. डेबियनच्या पॅकेजमध्ये मुख्यतः दोन भाग असतात. एका भागात संगणकावर ठेवावयाच्या फाईली असतात. दुसऱ्या भागात त्यांविषयीची माहिती असते, ती अशी : नाव, आवृत्ती, सांभाळणारी व्यक्ती, आणि हे पॅकेज चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे लागतात. रेशन दुकानात धान्यासोबत येणाऱ्या कागदांप्रमाणे या दुसऱ्या भागाकडे ग्राहकाचे सहसा लक्ष जात नाही. परंतु सारा हिशोब त्यावरच चालतो.

बांधणीचे टप्पे

स्टब फाईलींचे पॅकेज तयार करणाऱ्या व्यक्तीस पुढील टप्प्यांतून जावे लागते.

पहिला टप्पा परवान्याचा. प्रत्येक फाईल कोणी लिहिली, ती कोणत्या अटींवर मुक्तपणे वाटता येते, हे शोधून त्याची नोंद करावी लागते. लायब्ररी एका परवान्याखाली आणि तिची स्टब फाईल दुसऱ्या परवान्याखाली असू शकते. डेबियनमध्ये प्रथमच येणारे पॅकेज भांडारात दाखल होण्यापूर्वी त्याची स्वतंत्र छाननी होते, आणि तीत परवान्याच्या नोंदीकडे विशेष लक्ष दिले जाते.

दुसरा टप्पा आवृत्तीचा. स्टब फाईल कोणत्या लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीचे वर्णन करते, हे निश्चित करावे लागते. टाईपशेडमधून निघणाऱ्या संचांच्या क्रमांकातच ही माहिती असते. ‘पायवायएएमएल’ या लायब्ररीच्या एका स्टब संचाचा क्रमांक ६.०.१२.२०२४०३११ असा आहे. आरंभीचे ६.० हे अंक लायब्ररीची आवृत्ती दर्शवितात. अखेरचे आठ अंक ही संच निघाल्याची तारीख, म्हणजे ११ मार्च २०२४ होय.

तिसरा टप्पा जागेचा. फाईली संगणकावर नेमक्या कोठे ठेवाव्यात, याचे नियम पायथनच्या ‘पेप ५६१’ या २०१७ च्या प्रस्तावात सांगितले आहेत. लायब्ररीत प्रकार आधीच लिहिलेले असतील, तर ‘पीवाय डॉट टाईप्ड’ नावाची खुणेची फाईल आत ठेवावयाची असते. स्टब फाईली वेगळ्या असतील, तर लायब्ररीच्या नावास ‘स्टब्स’ हा प्रत्यय जोडून वेगळी जागा करावयाची असते. ही जागा महत्त्वाची आहे, कारण एकच फाईल दोन पॅकेजांनी एकाच ठिकाणी ठेवू पाहिली, तर डेबियनची व्यवस्था दुसरे पॅकेज बसविण्यास नकार देते. एका खोलीची पावती दोघांच्या नावे फाडता येत नाही, तसाच हा नियम आहे.

चौथा टप्पा तपासणीचा. ‘लिंटियन’ नावाची आज्ञावली पॅकेजच्या रचनेतील उणिवा दाखविते. त्यानंतर पॅकेज ‘अस्थिर’ शाखेत येते. तेथे सर्वसाधारणपणे दोन ते दहा दिवसांत गंभीर तक्रार आली नाही आणि इतर पॅकेजे बिघडली नाहीत, तर ते ‘चाचणी’ शाखेत जाते, आणि यथावकाश ‘स्थिर’ आवृत्तीचा भाग बनते. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली डेबियनची १३ वी आवृत्ती अशाच वाटेने सिद्ध झाली.

स्टब फाईली एकत्र ठेवाव्यात की सुट्या, याविषयी सर्वांचे धोरण सारखे नाही. डेबियनमध्ये टाईपशेडचा संपूर्ण संच एका पॅकेजमध्ये देण्यात आला. अन्य काही वितरणांत प्रत्येक लायब्ररीच्या स्टब फाईलींचे पॅकेज निराळे असते. एकत्र संच सांभाळण्यास सोपा असला, तरी त्यातील प्रत्येक फाईल त्या वितरणातील लायब्ररीच्या आवृत्तीशी जुळेलच असे नाही. सुट्या पॅकेजांत मेळ नेमका साधता येतो, परंतु सांभाळणाऱ्याचे काम अनेक पटींनी वाढते.

जुन्या चलनाचा धोका

या सर्व खटाटोपाचे कारण आवृत्तीचा मेळ हे आहे. लायब्ररी बदलत असते. कालपर्यंत पूर्णांक परत देणारी आज्ञा उद्या मजकूर परत देऊ लागते. स्टब फाईल जुनीच राहिली, तर तपासणी करणारी आज्ञावली जुन्या कागदावर विश्वास ठेवून ‘चूक नाही’ असा निर्वाळा देते. तपासणी झालीच नसती, तर लेखक सावध राहिला असता. चुकीच्या तपासणीने मात्र तो निर्धास्त होतो.

याहून सूक्ष्म धोका दुसराच आहे. अनेक लायब्ररींनी आता प्रकार स्वतःच लिहिण्यास आरंभ केला आहे. शास्त्रीय गणनेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘नमपाय’ या लायब्ररीच्या जानेवारी २०२१ मधील १.२० या आवृत्तीत अशा सूचना मूळ संचातच समाविष्ट झाल्या. अशा वेळी वेगळ्या स्टब फाईलींची गरज संपते. परंतु पेप ५६१ च्या नियमानुसार, संगणकावर वेगळे स्टब पॅकेज असेल, तर तपासणीत लायब्ररीतील सूचनांपेक्षा त्यास अग्रक्रम मिळतो. मूळ स्टबमधील उणिवा बाहेरून दुरुस्त करता याव्यात यासाठी हा नियम उपयुक्त आहे. मात्र कोणी काढून न टाकलेली जुनी स्टब फाईल त्याच नियमाच्या आधारे नव्या, अचूक माहितीवर मात करते. म्हणून टाईपशेडमध्ये अशा फाईलींवर ‘कालबाह्य’ अशी खूण केली जाते आणि काही महिन्यांनी त्या वगळल्या जातात. वितरणातील पॅकेज सांभाळणाऱ्यासही ते पॅकेज वेळीच मागे घ्यावे लागते. नवे पॅकेज आणण्याइतकेच जुने काढणे हेही त्याचे कर्तव्य असते.

जून २०२१ मध्ये मायपायच्या ०.९०० या आवृत्तीने बाहेरच्या लायब्ररींच्या स्टब फाईली स्वतःसोबत देणे बंद केले, त्यामागे हाच विचार होता. प्रत्येक लायब्ररीच्या स्टब फाईली स्वतंत्रपणे व आपल्या गतीने निघू लागल्या. त्यामुळे मेळ राखणे शक्य झाले आणि तो राखण्याची जबाबदारी पॅकेज बांधणाऱ्यांवर अधिक आली.

महाराष्ट्राचा सहभाग

हे कार्य दूरदेशीचे वाटले, तरी महाराष्ट्राचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुणे येथे मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने भारतासाठी विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. साहजिकच डेबियनच्या भांडारात झालेल्या चांगल्या बांधणीचा लाभ तिच्यावर आधारलेल्या प्रणालींनाही मिळतो, आणि तेथे राहिलेली उणीवही त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते. केंद्र शासनाने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्यामुळे या बांधणीचे महत्त्व वाढले आहे.

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी लिहिलेली ‘मायावी’ ही त्रिमितीय आलेखनाची पायथन लायब्ररी जगभर वापरली जाते, आणि डेबियनसह लिनक्सच्या वितरणांतून ती पॅकेजच्या रूपाने लोकांपर्यंत पोहोचली आहे. याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. डेबियन बसविताना भाषा म्हणून मराठी निवडता येते, तीही स्वयंसेवकांनी केलेल्या अनुवादामुळेच.

कार्यालये आणि शाळांसाठी

स्टब फाईल लिहिणे हे प्रत्येकाचे काम नव्हे. परंतु तिच्यामागील शिस्त सर्वांच्या उपयोगाची आहे. ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या तक्त्यात पिन कोड, खाते क्रमांक, गट क्रमांक, विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक यांचे रकाने आरंभीच ‘मजकूर’ म्हणून निश्चित करावेत. आज्ञावली तयार करून घेताना ती कोणत्या लायब्ररींवर आणि कोणत्या आवृत्तींवर अवलंबून आहे, याची यादी लेखी मागावी. प्रकार-तपासणी झाली आहे काय आणि तिच्यातील स्टब फाईली लायब्ररींच्या आवृत्तींशी जुळतात काय, हा प्रश्न विचारण्यास तांत्रिक पदवी लागत नाही.

अर्थात या तपासणीच्या मर्यादाही ध्यानात ठेवावयास हव्यात. ४०००३७ ऐवजी कोणी ४०००७३ लिहिले, तर प्रकार बरोबरच राहील, पत्र मात्र योग्य ठिकाणी पोहोचेलच असे नाही. चलनाची छाननी मालाच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, तसेच हे आहे.

शिक्षकांसाठी यात आणखी एक संधी आहे. स्टब फाईलीतील एखादी चूक शोधून ती दुरुस्त करणे हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यास झेपणारे काम आहे. त्यासाठी मोठी आज्ञावली लिहावी लागत नाही. लायब्ररी काळजीपूर्वक वाचावी लागते, तिचे वागणे पडताळावे लागते आणि आढळलेली गोष्ट नेमक्या शब्दांत मांडावी लागते. अँटॉप हिल, वडाळा आणि माटुंगा या परिसरात तंत्रशिक्षणाच्या जुन्या-नव्या संस्था आहेत. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने दुरुस्त केलेली एक ओळ स्वीकारली गेली, की ती भांडारातून वितरणात आणि वितरणातून असंख्य संगणकांवर जाते. त्यांपैकी एखादा संगणक दूरच्या तालुक्यात कोणाच्या तरी अनुदानाची यादी तयार करीत असेल, आणि त्या यादीतील खाते क्रमांकाचे पहिले शून्य आपल्या जागी टिकून राहील.